बागकाम, पण स्वतःच्या बागेतलं

अमेरिकेत दर वर्षी चार लाखांहून अधिक प्रौढांना फोन करून त्यांच्या तब्येतीविषयी प्रश्न विचारले जातात. सीडीसी ही केंद्रीय आरोग्यसंस्था आणि राज्यांची आरोग्यखाती मिळून १९८४पासून ही पाहणी करत आहेत. तिच्यातला व्यायामाचा प्रश्न बरीच वर्षं साधारण असा आहे : गेल्या महिन्याभरात, नेहमीची नोकरी सोडून, तुम्ही धावणं, कवायत, गोल्फ, बागकाम किंवा व्यायाम म्हणून चालणं अशी काही शारीरिक हालचाल केली का? 'नाही' म्हणालात की तुमची नोंद 'निष्क्रिय' लोकांत होते.

२०१५ ते २०१८ या चार वर्षांची उत्तरं एकत्र करून २०२०च्या जानेवारीत सीडीसीने नकाशे प्रसिद्ध केले. लॅटिनो लोकांमध्ये निष्क्रियांचं प्रमाण सुमारे ३२ टक्के होतं, कृष्णवर्णीयांमध्ये ३०, गोऱ्यांमध्ये २३. तिघांत लॅटिनो सगळ्यात बैठे ठरले.

आता लॉस एंजेलिसमधला एक माळी डोळ्यांसमोर आणा. कुठलाही. तिथल्या श्रीमंत वस्त्यांमध्ये सकाळी पिकअप ट्रक घेऊन येणारे आणि लीफ ब्लोअर पाठीला बांधणारे हे लोक बहुतेक मेक्सिको किंवा मध्य अमेरिकेतून आलेले असतात. दिवसभर एकामागून एक घरांची हिरवळ कापायची, कुंपणं छाटायची, पानं गोळा करून पोती ट्रकमध्ये टाकायची. संध्याकाळी त्याला फोन येतो : बागकाम वगैरे काही करता का? प्रश्नातले 'नेहमीची नोकरी सोडून' हे तीन शब्द त्याचा अख्खा दिवस पुसून टाकतात. ज्या घराची हिरवळ त्याने कापली, त्या घराचा मालक रविवारी अर्धा तास गुलाबांना खत घालतो, तो सक्रिय. बागकाम मोजलं जातं, पण स्वतःच्या बागेतलं.

यावर 'बघा या साहेबलोकांच्या पाहण्या' असं म्हणून हसता येतं. पण पाहणी करणारे मूर्ख नाहीत. नोकरी वगळण्यामागे कारण आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचा नैतिक प्रश्न नीट मांडता येत नाही. तो प्रश्न असा : जो माणूस दिवसभर अंगमेहनत करून घरी आला आहे त्याला 'हृदयासाठी जरा चालत जा' असं सांगणं बरोबर आहे का? असेल, तर कोणी सांगावं?

व्यायाम आणि हृदय यांचा संबंध पहिल्यांदा आकड्यांत दाखवला तो लंडनच्या डबलडेकर बसने. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडन ट्रान्सपोर्टच्या सुमारे ३१ हजार पुरुष कामगारांचा अभ्यास केला आणि तो १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला. दिवसभर स्टिअरिंगमागे बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिना चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, आणि झाला तर सहसा उशिरा आणि सौम्य. तीन वर्षांनी मॉरिसने गणवेशांच्या नोंदी तपासल्या, तर ड्रायव्हरांच्या पँटी कमरेत मोठ्या निघाल्या. म्हणजे नोकरीला लागतानाच दोघांची शरीरं वेगळी असणार, सगळं श्रेय जिन्याला देता येणार नाही. स्वतःच्याच निष्कर्षाला असा सुरुंग लावणारा शास्त्रज्ञ मला फार आवडतो. पण आपल्यासाठी मुद्दा वेगळा आहे. व्यायामशास्त्राचा हा पाया ज्या हालचालीवर रचला गेला ती हालचाल नोकरीतली होती. कंडक्टर काही छंद म्हणून जिना चढत नव्हता.

पुढे श्रीमंत देशांत अंगमेहनतीच्या नोकऱ्या घटल्या आणि संशोधकांचं लक्ष फावल्या वेळाकडे गेलं. स्वतः मॉरिसनेही नंतर टेबलावर काम करणाऱ्या सरकारी नोकरांच्या सुट्टीतल्या व्यायामाचा अभ्यास केला. त्या माणसांसाठी नोकरी वगळून प्रश्न विचारणं रास्तच होतं, कारण नोकरीत हालचाल नव्हतीच. प्रश्नाचा साचा तिथे घडला आणि मग सगळ्यांना लावला गेला.

तेवढ्यात गोष्ट आणखी गुंतागुंतीची झाली. गेल्या काही वर्षांत आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांनी असं दाखवायला सुरुवात केली की कामावरची हालचाल आणि फावल्या वेळातली हालचाल शरीराला सारखी नसतेच. कोपनहेगनमधल्या एक लाखाहून अधिक लोकांवरचा त्यांचा अभ्यास २०२१ साली आला. फावल्या वेळातली हालचाल जितकी जास्त, तितका हृदयविकाराचा धोका कमी. कामावरची जितकी जास्त, तितका धोका अधिक. त्यांची कारणमीमांसा पटण्यासारखी आहे. कामावरची हालचाल हृदयाची क्षमता वाढेल एवढी जोरकस नसते, पण आठ-आठ तास चालते. ओझं उचलताना, एकाच अवस्थेत वाकून राहताना रक्तदाब चढतो. नाडी दिवसभर थोडी वरच राहते. आणि मुख्य म्हणजे दमल्यावर थांबता येत नाही. त्याच वर्षी नॉर्वेतल्या पुरुषांवरचा एक मोठा अभ्यास मात्र उलट सांगत आला : शिक्षण, धूम्रपान वगैरेंचा हिशेब नीट केला तर अंगमेहनतीची कामं करणारे पुरुष उलट थोडे जास्तच जगतात. वाद मिटलेला नाही. फावल्या वेळातल्या चालण्याचा फायदा मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे.

तेव्हा त्या माळ्याला 'तुझं काम हाच तुझा व्यायाम' असं छातीठोकपणे सांगता येत नाही. तसं सांगणं म्हणजे त्याचा मान राखण्याच्या नादात त्याची फसवणूक करणं.

शरीर हलणं आणि शरीर हलवलं जाणं यातला फरक कळायला कॅलिफोर्नियाच्याच इतिहासातलं एक अवजार पुरे आहे. सलिनास खोऱ्यातल्या लेट्यूसच्या आणि इतर ठिकाणच्या बीटच्या शेतांत विरळणी-खुरपणीसाठी एक आखूड दांड्याची कुदळ वापरायचे. दांडा जेमतेम हातभर. मजूर, म्हणजे बहुतांशी मेक्सिकन मजूर, तिला 'एल कोर्तितो' म्हणायचे, म्हणजे छोटुकली. आणि 'एल ब्रासो देल दियाब्लो'ही म्हणायचे, म्हणजे सैतानाचा हात. ती वापरायची तर कमरेत पूर्ण वाकूनच चालावं लागे, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दिवसभर. लांब दांड्याने नाजूक रोपं तुटतील, असं मळेवाले सांगत. त्यात सोयीची गोष्ट अशी की कोण उभा राहिला आहे, म्हणजे कोण थांबला आहे, हे मुकादमाला लांबूनच दिसे. कामगारांच्या पाठी कायमच्या गेल्या. लढा कोर्टात गेला आणि १९७५ साली कॅलिफोर्नियात या कुदळीवर बंदी आली. लांब दांड्याने शेती बुडाली नाही.

त्या मजुराच्या मनगटाला आजचं घड्याळ बांधलं असतं तर त्याने पावलं मोजली असती, कॅलरी मोजल्या असत्या आणि संध्याकाळी अभिनंदनही केलं असतं. हे मी थोड्या अधिकाराने सांगू शकते, कारण माझं पोट अशाच एका अॅपवर चालतं. मी कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि आमच्या टीमकडे आठवणी पाठवायचं काम आहे : 'बराच वेळ बसला आहात, उठा', 'आजचं उद्दिष्ट गाठायला दीड हजार पावलं बाकी'. वर्षभरापूर्वी या आठवणींची खास लॅटिनो ग्राहकांसाठी, हृदयाच्या आरोग्यावर भर देणारी आवृत्ती करायचं ठरलं. भाषांतर हा त्यातला सोपा भाग होता. अवघड भाग असा की घड्याळाला पावलं दिसतात, ती कोणाच्या हुकमाने पडली ते दिसत नाही. आणि पावलंसुद्धा नेहमी दिसत नाहीत. हॉटेलात खोल्या आवरणारी बाई दोन्ही हातांनी ढकलगाडी ढकलत जाते तेव्हा मनगट स्थिर असतं, आणि मनगटाच्या हेलकाव्यावरून पावलं मोजणारं यंत्र त्यातली कित्येक पावलं गाळतं. दहा हजार पावलांचं उद्दिष्टही काही आकाशवाणी नव्हे. १९६५च्या सुमारास जपानी बाजारात आलेल्या 'मानपो-केई' या पाऊलमापकाचं ते नाव, म्हणजे 'दहा हजार पावलांचं मीटर'. जाहिरातीतलं नाव पुढे जगभर वैद्यकीय सल्ला होऊन बसलं.

आता नैतिक प्रश्नाकडे. कांटच्या नावाने सांगितलं जाणारं एक तत्त्व आहे : 'करायला हवं' असं म्हणताना 'करता येतं' हे गृहीत असतं. जे शक्यच नाही ते कर्तव्य होऊ शकत नाही. अमेरिकेच्या सरकारी मार्गदर्शिकेप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम तीव्रतेची हालचाल करावी. २०१८च्या आवृत्तीने सलग दहा मिनिटांची अट काढून टाकली, त्यामुळे आता जिना चढणंही जमेला धरतात. वाक्यात कुठेही अवघड काही नाही. दिवसाला बावीस मिनिटं, त्यात काय? पण ही मिनिटं कुठून आणायची, ते मार्गदर्शिका सांगत नाही आणि तिचं ते कामही नव्हे. अमेरिकेत पिकांवर राबणाऱ्या मजुरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लॅटिनो आहेत, बांधकामावरचे सुमारे एक तृतीयांश. मजुरांच्या मृत्यूंनंतर २००५ साली कॅलिफोर्नियाला उष्णतेविषयी नियम करावा लागला : सावली, पाणी, आणि अंग तापलं तर सावलीत बसून निवण्याचा हक्क. म्हणजे विसाव्याची पाच मिनिटं कायद्याने मिळवावी लागली. त्या माणसाला संध्याकाळी बावीस मिनिटं भरभर चालायला सांगताना निदान आवाज तरी खाली यायला हवा.

आणि चालायचं कुठे? लॉस एंजेलिसमध्ये वेस्टलेक नावाचा दाट वस्तीचा भाग आहे. मध्य अमेरिकेतून आलेली हजारो कुटुंबं लहान लहान खोल्यांत राहतात, आणि त्या सगळ्यांना मिळून मोकळी जागा म्हणजे मॅकार्थर पार्क. ७ जुलै २०२५ला त्या बागेत इमिग्रेशन खात्याचे एजंट आणि नॅशनल गार्डचे सैनिक उतरले. घोडे होते, लष्करी गाड्या होत्या. त्या उन्हाळ्यात शहरभर धाडी चालू होत्या आणि कागदपत्रं असलेले लोकही घराबाहेर पडताना दोनदा विचार करत होते. त्या सकाळीही त्या भागातल्या घड्याळांनी आपापल्या वेळेला 'उठा, थोडं फिरून या' म्हटलंच असणार. घड्याळाला काय माहीत?

इथवर आलेला वाचक म्हणेल, मग सांगूच नका ना. गरिबाला उपदेश करणं थांबवा, त्याची परिस्थिती बदला. मला हे उत्तर मोहाचं वाटतं, आणि चुकीचंही.

माझ्या टीममधली एक सहकारी मेक्सिकन-अमेरिकन आहे. तिची आई वीस वर्षं हॉटेलच्या खोल्या आवरते आहे, तिला मधुमेह आहे, रक्तदाब आहे. एकदा जेवताना मी कोपनहेगनचा अभ्यास आणि माळ्याचं उदाहरण असं बरंच काही सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "हे सगळं खरं असेल. पण माझ्या आईला 'तू आधीच खूप दमतेस, तुला चालायची गरज नाही' असं सांगणारी तू कोण? तिला साठीत स्ट्रोक आला तर तुझं सामाजिक विश्लेषण तिला उचलून बाथरूमला नेणार आहे का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि असायला हवं होतं असंही मला वाटत नाही. तिचं म्हणणं बरोबरच होतं.

माहिती लपवणं हाही उपदेशाचाच एक प्रकार आहे, आणि जास्त उर्मट. त्यात 'तुला हे झेपणार नाही, म्हणून सांगत नाही' असं आपण परस्पर ठरवलेलं असतं. मिलसारखे स्वातंत्र्यवादी ज्याला विरोध करतात ती जबरदस्ती. सावध करण्याला त्यांचीही हरकत नाही. आणि इथे सावध करण्यासारखं खरोखरच काही आहे. लॅटिनो लोकांबद्दल एक कोडं प्रसिद्ध आहे. मार्किडीस आणि कोराइल या संशोधकांनी १९८६ साली दाखवलं की गरिबी असूनही नैर्ऋत्य अमेरिकेतल्या हिस्पॅनिकांचं मृत्युमान गोऱ्यांच्या बरंच जवळ आहे. पुढे तर आयुर्मानात ते गोऱ्यांच्या पुढेच गेलेले दिसले : २०१९ साली सुमारे ८२ वर्षं, गोऱ्यांचं सुमारे ७९. कमी धूम्रपान हे याचं एक मोठं कारण मानतात. पण याचा अर्थ हृदय सुरक्षित आहे असा नाही. मधुमेहाचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि हृदयविकार त्यांच्यातही मृत्यूच्या सर्वांत मोठ्या कारणांपैकी आहे. जास्त वर्षं जगणं आणि ती वर्षं धडधाकट जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना कोणी शिकवायला नको.

तेव्हा सांगायचं. पण सांगण्यात दोष देणं मिसळलं की बिघडतं. आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, २०११ साली आलं. न्यायासाठीची जबाबदारी हा त्याचा विषय. दोष आणि जबाबदारी त्या वेगळ्या काढतात. दोष मागे बघतो, गुन्हेगार शोधतो, आणि तो सापडला की बाकीचे सुटतात. जबाबदारी पुढे बघते, आणि अन्याय ज्या व्यवस्थेतून घडतो तिच्यात वावरणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला, ज्याच्या त्याच्या जागेप्रमाणे, थोडी थोडी येते. हे मला उपयोगी वाटतं, कारण 'लॅटिनो लोक व्यायाम करत नाहीत' हे वाक्य वरून माहिती आणि आतून दोष असतं. त्याऐवजी त्या बाईची संध्याकाळ कोणाकोणाच्या हातात आहे असं विचारलं तर यादी लांबते : हॉटेलचा शिफ्ट लावणारा, फुटपाथ न करणारी नगरपालिका, बागेत घोडे घालणारं सरकार, घरी हात न हलवणारा नवरा, सत्तरीतही सकाळी सहाला उठवणारं घरभाडं. आणि तीही. तिला यादीतून वगळलं तर तिच्यासाठी आपण फक्त कणव शिल्लक ठेवतो.

'संस्कृती' या शब्दाचं तेवढं काय ते मला जमत नाही. आरोग्य मोहिमांच्या कागदपत्रांत लॅटिनो स्त्रिया व्यायाम का करत नाहीत याचं उत्तर म्हणून 'फामिलिस्मो' हा शब्द हटकून येतो : कुटुंब आधी, मग मी. स्वयंपाक, पोरं, सासू, आणि एवढं करून एक तास स्वतःसाठी काढला तर आपणच अपराधी वाटणं. हे वाचून मराठी घरात वाढलेल्या मुलीने 'अगबाई, आम्हीपण लॅटिनो' म्हणावं इतकं ते ओळखीचं आहे. जिथे घरकाम एकाच माणसावर असतं तिथे हे होणारच. त्याला खास स्पॅनिश नाव दिलं की ते परंपरेसारखं दिसायला लागतं, आणि परंपरेला कोण काय करणार! मग उपाय म्हणूनही संस्कृतीच येते : साल्सा लावा, लोक आपोआप नाचतील. नाचतातही. झुंबा हा प्रकार कालीच्या, म्हणजे कोलंबियातल्या शहराच्या, बेतो पेरेसने जन्माला घातला. एरोबिक्सच्या क्लासला ठरलेलं संगीत घरी राहिलं म्हणून बरोबरच्या साल्सा-मेरेंगेच्या टेपांवर वेळ मारून नेली, असं तो सांगतो. नाचाला माझा काहीच आक्षेप नाही. पण 'लॅटिनो' नावाची एक संस्कृतीच नाही हेही लक्षात घ्यावं. ब्रॉंक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो इथल्या १६ हजारांहून अधिक लॅटिनो लोकांचा एक मोठा अभ्यास २००८मध्ये सुरू झाला. त्यात लोकांच्या कमरेला हालचाल मोजणारं यंत्र बांधलं, म्हणजे 'नोकरी सोडून' ही भानगडच नाही. प्वेर्तो रिकन लोक सगळ्यात जास्त हालचाल करणारे निघाले, क्यूबन सगळ्यात कमी. दोघांत जवळपास दुपटीचा फरक. भाषा एक, संगीत बरंचसं एक, धर्म एक. पण अभ्यासातले प्वेर्तो रिकन प्रामुख्याने ब्रॉंक्समधले, जिथे कामाला जायचं तर सबवेपर्यंत चालावं लागतं. क्यूबन मायामीतले, जिथे दुधाची पिशवी आणायलाही गाडी काढतात. माझा पैसा मी शहराच्या रचनेवर लावीन.

मग कोणी सांगावं? याचं मला सापडलेलं सगळ्यात बरं उत्तर 'प्रोमोतोरा' हे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदयसंस्थेने नव्वदच्या दशकात 'सालुद पारा सु कोरासोन', म्हणजे 'तुमच्या हृदयासाठी आरोग्य', हा उपक्रम सुरू केला. त्याचा कणा म्हणजे वस्तीतल्याच, त्याच भाषेच्या, बहुतेक वेळा त्याच गल्लीतल्या बायका. त्यांना प्रशिक्षण द्यायचं आणि त्यांनी शेजारणींना गोळा करायचं. आपल्याकडच्या आशाताईंची आठवण यावी असंच हे काम आहे, मानधनाच्या रडगाण्यासकट : बऱ्याच प्रोमोतोरा स्वयंसेवक असतात किंवा तुटपुंज्या पैशांवर राबतात. दुसऱ्याच्या हृदयाची काळजी घेणारीला स्वतःचं भाडं भागवायला दुसरी नोकरी लागत असेल तर त्या मोहिमेत कुठेतरी पाणी मुरतंय.

सॅन डिएगो परगण्यातला 'फे एन आक्सियोन', म्हणजे 'कृतीतली श्रद्धा', हा प्रयोग मला विशेष वाटतो. सोळा कॅथलिक चर्चं निवडली. निम्म्यांत प्रोमोतोरांनी बायकांसाठी फुकट व्यायामवर्ग आणि चालायचे गट चालवले, निम्म्यांत कर्करोग तपासणीची माहिती दिली. चारशेहून अधिक स्त्रिया होत्या. वर्षभराने चालणाऱ्या गटाची हालचाल वाढलेली दिसली. फार नाही, पण मोजण्याइतकी. कार्यक्रमात आसपासच्या परिसरातल्या अडचणी सोडवायचा भागही होता. मला यातलं अधिकाराचं गणित महत्त्वाचं वाटतं. 'चल' असं म्हणणारी बाई स्वतः चालायला येते. तिला माहीत असतं की कोपऱ्यावरचा कुत्रा मोकळा असतो, कोणाचा नवरा रात्रपाळीला आहे, कोणाला आज नको म्हणायचं आहे. माझ्या आठवणीत आणि तिच्या हाकेत शब्द एकच असू शकतात. पण तिला उलट उत्तर देता येतं. घड्याळाला फक्त बंद करता येतं.

खरं तर फावला वेळ ही गोष्टच नैतिक प्रश्नाच्या मुळाशी आहे. पॉल लाफार्ग हा मार्क्सचा जावई. त्याचा जन्म क्यूबातल्या सांतियागोचा, त्यामुळे त्याला या लेखात आणायला माझ्याकडे निमित्तही आहे. १८८० साली त्याने 'आळशीपणाचा हक्क' नावाची पुस्तिका लिहून सासऱ्याच्या अनुयायांना बरंच चिडवलं. कामगारांनी कामाचा हक्क मागण्यापेक्षा काम कमी करण्याचा मागावा, असं त्याचं म्हणणं. थट्टेत लिहिलेलं असलं तरी हृदयविज्ञान शंभर-दीडशे वर्षांनी त्याच्या शेजारी येऊन बसलं आहे असं मला वाटतं. ज्या हालचालीचा फायदा निर्विवाद आहे ती स्वतःच्या वेळातली, मनात आलं की थांबवता येणारी हालचाल आहे. मग व्यायामाला उत्तेजन देणं म्हणजे त्या वेळासाठी भांडणंही झालं. लॉस एंजेलिसमध्ये १० ऑक्टोबर २०१०ला पहिल्यांदा काही मैलांचे रस्ते रविवारी गाड्यांना बंद करून लोकांना दिले, बॉयल हाइट्ससारख्या मेक्सिकन वस्तीपर्यंत. 'सिक्लाविया' हे नाव आणि कल्पना दोन्ही कोलंबियाची. बोगोतामध्ये १९७४पासून हे चालू आहे आणि तिथे ते दर रविवारी होतं. तिथे कोणी कोणाला चाला म्हणत नाही. रस्ता मोकळा करतात, लोक येतात.

माझ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण या सगळ्या हिशेबात मी नक्की कुठे उभी आहे ते लपवणं बरं नाही. दक्षिण आशियाई वंशाचं असणं हेच हृदयविकाराचा धोका वाढवणारं मानावं, असं २०१८पासून अमेरिकन डॉक्टरांच्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. आमच्या इमारतीतल्या देशी पोरांकडे पाहिलं तर धोका कोणाला आहे हे सांगायला डॉक्टर नको. पण आमच्या बसण्याला कोणी संस्कृती म्हणत नाही. आम्हाला वर-खाली होणारं टेबल मिळतं, जिम मिळते, चालत चालत मीटिंग करायची मुभा मिळते, म्हणजे माझ्या चालण्याचाही पगार मिळतो. संध्याकाळी सहानंतर सफाईवाल्या बायका येतात, आपसांत स्पॅनिशमध्ये बोलत, आणि त्या टेबलांखालून व्हॅक्यूम फिरवतात.

तर मी आमच्या टीमपुढे एक प्रस्ताव ठेवला. खातं उघडताना विचारायचं : तुमचं काम उभ्याने, अंगमेहनतीचं आहे का? 'हो' म्हणणाऱ्यांना कामाच्या दिवशी 'उठा' ऐवजी 'बसा, पाय वर घ्या' असं सांगायचं, आणि चालायची आठवण सुट्टीच्या दिवसांपुरती ठेवायची. वैद्यकीय सल्लागार म्हणाले, विश्रांती सुचवण्याला पुरेसा पुरावा नाही. प्रॉडक्टवाले म्हणाले, आठवणी कमी केल्या की लोक अॅप उघडायचे कमी होतील. माझी ती सहकारी म्हणाली, आई रोज 'हो' दाबेल आणि कधीच चालणार नाही. तिघांचंही थोडं थोडं खरं आहे. तिकीट अजून उघडं आहे. गेल्या आठवड्यात सहकारीने त्याखाली एक ओळ लिहिली. तिने आईलाच विचारलं होतं, आणि आईचं उत्तर असं होतं : रविवारी मिस्सा झाल्यावर सांग, तेव्हा बहिणीही बरोबर असतात, बाकीच्या दिवशी घड्याळ काढूनच ठेवते.